तेवीस वर्षांचे बाबा

अँकरेज
२४ ऑगस्ट २०१२

तीर्थरूप बाबांस,
लेक एडना हिचा साष्टांग नमस्कार. खुब्याला टाके असल्यामुळे साष्टांग कागदावरच मानून घ्यावा.

ऑपरेशन नीट झालं. नवा सांधा बसवलाय. डॉक्टर म्हणतात, दोन महिने विमानात बसायचं नाव काढायचं नाही. म्हणजे पांढऱ्या अस्वलांचा अख्खा हंगाम मी इथे सहाव्या मजल्यावर मोटारी बघत बसणार. जेवायला उकडलेली कोंबडी, तिला ना चव ना चरबी. फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू गिळतोस, म्हणून पत्रच बरं.

मागचं पत्र टपालात टाकताना नर्स ल्युझने मायना वाचला. तिने विचारलं की वडील अजून आहेत का, वय काय त्यांचं. मी सांगितलं, मे महिन्यात तेवीस पूर्ण झाली. तिने लगेच माझा ताप बघितला. मग सगळं रामायण सांगावं लागलं, की माझे वडील उयारक गेले, पुढच्याच वसंतात भावाला मुलगा झाला आणि त्याच्या कानात मीच त्यांचं नाव सांगितलं. तेव्हापासून तो गावाचा उयारक आणि माझा बाप. लायमन हे नाव शाळेपुरतं आणि सरकारी कागदापुरतं. ती म्हणाली, म्हणजे पुतण्याच की. मी म्हटलं, तुमच्याकडे असेल. आदर मात्र मायन्यापुरताच हं, पुढे तुला अरेतुरेच करणार. तुझी लंगोटी मी बदललेली आहे.

आता कामाचं. होडीचा परवाना माझ्या नावावर आहे आणि ह्या वर्षी ती तू पहिल्यांदा एकट्याने चालवणार. फोटोवाल्यांना सांभाळ, ते लेकरांसारखे असतात, समोर अस्वल दिसलं की होडीत उभे राहतात. आणि जुन्या घराच्या वाळूच्या दांड्यावर यंदाची पिल्लं घेऊन मादी बसली असेल, तर देवमाशाच्या हाडांचे खांब आहेत तिथे थांबायचं. त्यापुढे पाणी गुडघाभर. डेल्बर्टची होडी तिथे रुतते, आपली सपाट तळाची आहे, ती जाते. जाते म्हणून जायचं नसतं. दांड्याच्या अलीकडे खाडी आणि पलीकडे उघडा समुद्र. खाडीकडून तिच्यावर चालून गेलं तर तिला समुद्राशिवाय वाट नाही, आणि यंदाच्या पिल्लाला अर्ध्या तासात दम लागतो. हे मला तुम्हीच शिकवलंत, मी सात वर्षांची असताना. विसरला असाल म्हणून आठवण दिली.

घरच्या सीलच्या तेलाची एक बाटली कोणाबरोबर तरी पाठव. इथे कोणाला वास आला तर मी म्हणेन, औषध आहे. पत्राला उशीर करू नये आणि लेकीवर माया असू द्यावी.

तुमची
एडना


तापकाक
३१ ऑगस्ट

चि. एडना हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. तेवीस वर्षांच्या बापाकडे साठा मोठा आहे, हात सैल सोडून वापर.

तेल पाठवलंय. पंचायतीतल्या फ्लोराचा भाऊ दातांसाठी तिकडे येतोय, त्याच्या पिशवीत मोज्यात गुंडाळलेली बाटली आहे. वाटेत फुटली तर तो आयुष्यभर एकटाच राहील.

गावात सात अस्वलं आली आहेत. अजून देवमासा मिळालेला नाही, तरी गेल्या वर्षीच्या हाडांच्या ढिगापाशी रोज हजेरी लावतात. तुझी ती डाव्या कानाचा तुकडा गेलेली मादीही आली. दोन पिल्लं आहेत, दोन्ही यंदाची, आणि बसलीय कुठे तर आपल्याच दांड्यावर. खांबांपाशी थांबून दाखवतो सगळ्यांना. फोटोवाले म्हणतात आणखी जवळ, मी म्हणतो घरमालकीण अँकरेजला आहे, तिची परवानगी नाही.

ह्या खेपेला ब्रांट म्हणून एक आहे. त्याच्या कॅमेऱ्याचं भिंग म्हणजे चुलीचं धुराडं. दहा दिवस राहणार आहे. मला त्याने त्याचा दुसरा कॅमेरा वापरायला दिलाय आणि म्हणतो, तुला नजर आहे. मी काढलेले चार फोटो त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेतले. डेल्बर्टकाकाला हे सांगितलं तर म्हातारा म्हणाला, उयारकने आयुष्यात नेम धरला तो भाल्याचा, हे डबडं कशाला हवं. सगळा धक्का हसला. मीही हसलो.

ब्रांटला एकच फोटो हवाय, पोहणारी मादी आणि तिच्या पाठीवर पिल्लू. मी सांगितलं, ती हुकमावर पोहत नाही, आणि होडीत असं मोठ्याने बोलू नये, त्यांना ऐकू जातं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

काल दुकानात लॉटीआजीने मला बसवून घेतलं. पहिला कप मला, कारण मी तिचा मोठा भाऊ. मग विचारते, एकसष्ट सालचा बर्फ कसा होता रे दादा. मी म्हटलं, जाड होता. खूश झाली बिचारी. कधीकधी वाटतं, लायमनला कोणी काही विचारलं तर बरं होईल. असो.

पाय जपून टाक. बापाचा जीव लेकीत अडकलेला असतो हे विसरू नये.

तुझा
बाबा


अँकरेज
७ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
एडनाचा नमस्कार.

आज थट्टा नाही. काल पंचायतीतून फ्लोराचा फोन आला, तो मी ल्युझला कानाशी धरायला लावून दोनदा ऐकला. विमानाच्या धावपट्टीजवळ गोट्यांवर पिल्लू सापडलं, बुडून मेलेलं. कान तुटकी मादी एका पिल्लाला घेऊन किनाऱ्याने येरझारा घालते आहे, माणसांकडे बघतही नाही. ती पोहायला आपणहून गेली नसणार, वारा तसा नव्हता. कोणीतरी तिला दांड्यावरून समुद्रात घातली.

चार तारखेला त्या बाजूला दोनच होड्या होत्या. एक आपली, तू आणि ब्रांट. दुसरी डेल्बर्टची, आणि त्याच्याबरोबर कोणी प्रवासी नव्हतं. धुकं होतं म्हणून गावातून काही दिसलं नाही. ब्रांट पाच तारखेच्या विमानाने गेला. डेल्बर्ट म्हणतो, तो दुपारीच परत फिरला, आणि त्यापुढे तोंड उघडत नाही. दांड्यावर दोन्ही टोकांकडून जाता येतं, त्यामुळे कोणाचंही काम असू शकतं. देवमाशाच्या शिकारीचे कप्तान भडकले आहेत. अस्वलाशी असं वागलेल्या गावाकडे देवमासा कशाला येईल, असं त्यांचं म्हणणं, आणि माझंही तेच आहे. पंधरा तारखेला सभा आहे. होडी माझी, म्हणून माझा लेखी शब्द मागितलाय.

लायमनला विचारायचं असतं तर शंभर प्रश्न केले असते, उलटसुलट तपासला असता. पण मी बाबांना विचारते आहे, म्हणून एकच प्रश्न. तिला पाण्यात तुम्ही घातलंत का? हो की नाही, एवढंच लिहा. जे लिहाल ते मी पंचायतीला कळवीन. माझ्या वडिलांनी सगळ्या जन्मात कोणाला खोटं सांगितलं नाही. एकदा त्यांच्या भाल्यातून देवमासा निसटला, तेव्हा भर किनाऱ्यावर त्यांनी स्वतः सांगितलं की हात माझा चुकला. त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी उभी होते.

उत्तराची वाट पाहते. आशीर्वाद असू द्यावा.

एडना


तापकाक
१० सप्टेंबर

चि. एडना, माझ्या पोरी,
आशीर्वाद.

नाही. मी नाही.

आम्ही खांबांपाशी होतो. धुकं उतरलं तसं काही दिसेना, म्हणून परत आलो. ब्रांटला फोटो मिळालाच नाही, तो रुसून गेला. बाप म्हणून सांगतो, माझ्या शब्दावर विसंबून राहा आणि शांत झोप. खुब्याचं हाड काळजीने भरत नसतं.

डेल्बर्टबद्दल मी काही बोलणार नाही. म्हातारा माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू, धुक्यात कोणाचंही चुकू शकतं. पंचायतीने त्याला फार बोलू नये असं मला वाटतं. तू तुझ्या पत्रात तेवढं लिहिलंस तर बरं दिसेल.

आज वारा पडलाय. कप्तान लोक होड्यांची तयारी करताहेत. लॉटीआजीने माझ्यासाठी नवे हातमोजे शिवलेत, दादाचे हात गार पडतात म्हणून. माया आहेच, ती वाढव.

तुझा
बाबा


अँकरेज
१९ सप्टेंबर

रा. रा. डेल्बर्ट यांस,
सप्रेम नमस्कार. सप्रेम हा शब्द सवयीने पडला.

सभेत माझं पत्र वाचून दाखवलं, असं फ्लोराने कळवलं. मी त्यात तुझं नाव घेतलेलं नाही. मी एवढंच लिहिलं की उयारक नाही म्हणतात, आणि त्यांचा शब्द म्हणजे माझा शब्द. बाकी दोनातून एक गेला की उरतं काय, ते शेंबडं पोरही सांगेल.

तुझी होडी ह्या आणि पुढच्या हंगामात किनाऱ्यावर ओढून ठेवायची ठरली, आणि शिकारीला तुला बरोबर घेणार नाहीत, हेही कळलं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त राग आला. तू चुकलास हे मी गिळलं असतं. तू उभा राहून हात माझा चुकला म्हणाला असतास तर मी स्वतः तुझी रदबदली केली असती. माझ्या बापाच्या होडीत तू घडलास, माझ्या नवऱ्याची शवपेटी तू खांद्यावर घेतलीस, आणि आज माझ्या घरातल्या पोरावर संशय राहील अशा बेताने गप्प बसलास. तुझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं.

तुझ्या बायकोला नमस्कार. पत्राचं उत्तर आलं नाही तरी चालेल.

एडना


तापकाक
२७ सप्टेंबर

प्रिय एडना हिस,
डेल्बर्टचा नमस्कार वि. वि.

उत्तर नको म्हणालीस, म्हणून थोडक्यात लिहितो. बावीस तारखेला देवमासा मिळाला. मी किनाऱ्यावरून पाहिला. हिस्सा प्रत्येक घराला मिळतो तसा आमच्याही घराला मिळाला, त्यातला चरबीचा मक्ताक पाठवतो आहे. कातडीच्या बाजूने काप, तुझी सुरी तिकडे नसेल तर नर्सकडून चांगली मागून घे. दवाखान्याच्या कोंबडीने माणूस बरा होत नाही.

माझ्यावरचा राग मला समजतो. सभेत उयारक उभे राहिले आणि नाही म्हणाले. त्यानंतर बोलण्यासारखं काही राहत नाही, निदान माझ्यासारख्याला तरी. त्यांनीच मला पहिला भाला हातात दिला होता.

तुझ्या घराची मागची खिडकी वाऱ्याने उघडत होती, ती खिळा मारून पक्की केली आहे. जिन्याला कठडा नाही, तो तू येण्याआधी बसवतो. दुखऱ्या पायाने बर्फात उतरायची घाई करू नये.

डेल्बर्ट


अँकरेज
६ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,

वरचा मायना हाताच्या सवयीने लिहिला गेला. दुसरा कागद नाही म्हणून राहू देते.

काल मला एक सपाट मोठं पाकीट आलं. ब्रांटने पाठवलं. परवान्यावरचा माझा पत्ता त्याने जपून ठेवला होता, माणूस रीतीचा आहे. आत फोटो. कान तुटकी मादी गळ्यापर्यंत पाण्यात, पाठीवर एक पिल्लू, आणि मागे दुसरं, त्याचं फक्त नाक वर. फोटो सुरेख आहे. ल्युझ म्हणाली, भिंतीवर लावूया. खरंच कोणालाही तसंच वाटेल.

मागच्या बाजूला त्याने लिहिलंय, चार सप्टेंबर. आणि खाली माझे आभार, की तुमच्या पुतण्याने माझ्यासाठी असं धाडस केलं जे त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणी केलं नसतं. तारीख नसती तरी मला कळलं असतं. हाडांचे खांब फोटोत उजव्या कडेला आहेत, आणि त्यांची दांड्याकडची बाजू दिसते, म्हणजे होडी त्यांच्या पुढे गेलेली. खांबांच्या पुढे, त्या गुडघाभर पाण्यात एकच होडी जाते. ती कोणाची ते तुला सांगायला नको.

मी तो फोटो दिवसभर मांडीवर घेऊन बसले. आधी मी पिल्लाकडे बघत होते, मग पाण्याकडे. मग मला वाटलं की ह्या क्षणी तू काय करत होतास? सुकाणूवर हात ठेवून बघत होतास ना? तुला कळत होतं की मागचं पिल्लू मागे पडतंय. तुला नजर आहे म्हणे.

चुकलास ते एकवेळ समजू शकते. तरुण माणूस, पाहुण्याने हरभऱ्याच्या झाडावर चढवला, चढलास. पण त्यानंतर तू मला पोरी म्हणालास. बाप म्हणून सांगतो म्हणालास. तुझं ते नाही मी पंचायतीला बापाचा शब्द म्हणून कळवलं. मी तुला तपासलं नाही, कारण ज्यांना विचारत होते त्यांना तपासायची कधी गरज पडली नव्हती. माझ्या बापाचा आवाज काढून तू माझ्याशी खोटं बोललास, लायमन. आणि माझ्याच हाताने डेल्बर्टचा गळा कापवलास. वर मला सांगतोस, त्याला फार बोलू नका म्हणून लिही. आणि तो तिकडे माझ्या घराची खिडकी दुरुस्त करत होता.

मला खरं लिही. ह्या वेळी तुझ्या स्वतःच्या तोंडाने.

एडना


तापकाक
११ ऑक्टोबर

ती. आत्यास,
लायमनचा नमस्कार.

तुला आत्या असं पहिल्यांदाच लिहितोय, हात अडखळला.

हो, मी गेलो. धुकं होतं, कोणी बघणार नव्हतं. ब्रांट म्हणाला, एकदाच, दहा मिनिटं. मला वाटलं, ती पाण्यात उतरेल आणि वळून पुन्हा वर येईल. होडी मी लगेच मागे घेतली, पण तोवर लाटा उठल्या होत्या आणि ती बाहेर बाहेरच जात राहिली. दुसरं पिल्लू दिसेनासं झालं तेव्हा ब्रांट आतल्या बाजूला कॅमेरा पुसत होता. त्याला ते माहीतच नाही. मी त्याला सांगितलं नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खरं लिहायला बसलो होतो. पण तू मला विचारलंच नव्हतंस, आत्या. तू त्यांना विचारलंस. ते कधी खोटं बोलले नाहीत, त्यांनी किनाऱ्यावर उभं राहून चूक सांगितली, हे सगळं तूच वर लिहिलं होतंस. त्याखाली मी काय लिहिणार होतो? पाळण्यात असल्यापासून म्हाताऱ्या बाया मला दादा म्हणतात, काका म्हणतात, सणाला पहिला तुकडा मला देतात. मी कमावलेलं त्यात काही नाही. मला वाटलं, एक गोष्ट तरी लायमनची असावी, एक चांगला फोटो. मासिकात तो फोटो येणार आहे, ब्रांटच्या नावाने. माझं नाव त्यात नाही.

आता माझी एक विनंती आहे. हे कोणाला सांगू नकोस. डेल्बर्टकाका दोन-चार वर्षांत होडी सोडणारच होता, त्याचे डोळे खरंच अधू झालेत. हंगाम संपला. पिल्लू परत येणार नाही. आणि विचार कर, सभेत मी माझ्या नावाने उभा राहिलो नव्हतो. तू आता बोललीस तर लायमन खोटा पडणार नाही, उयारक खोटे पडतील. लॉटीआजीला काय वाटेल? तुला स्वतःला ते तोंडातून काढता येईल का? आजोबांच्या नावासाठी तरी गप्प राहा.

माझ्यावर रागव, पण मला टाकू नकोस. तुझ्याशिवाय मला कोण आहे.

लायमन


तापकाक
२७ ऑक्टोबर

मी मंगळवारच्या विमानाने आले, हे तुला ठाऊक आहे. तू धावपट्टीवर दुसऱ्यांच्या पेट्या उचलत होतास. माझी डेल्बर्टने उचलली.

तुझ्या घरापासून माझं घर चार दारं सोडून आहे आणि तरी मी पत्र लिहिते आहे, ह्याला लोक हसतील. हसू देत. जे झालं ते तू कालच्या सभेत होतास म्हणून तुला माहीत आहे, पण तू पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होतास, म्हणून कसं झालं ते सांगते.

सभेच्या आदल्या दिवशी मी डेल्बर्टकडे गेले. फोटो त्याच्यासमोर ठेवला. त्याने चष्मा लावला नाही, म्हणजे बघायचीही गरज नव्हती. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दुपारी परत फिरताना त्याने माझ्या होडीचा आवाज ऐकला होता, खांबांच्या पुढून येणारा. तिचं इंजिन त्यानेच बसवलं आहे, ते त्याला झोपेतही ओळखू येईल. मी विचारलं, मग सप्टेंबरच्या सभेत बोलला का नाहीस. तो म्हणाला की बोलणारच होतो, उभाही राहिलो होतो, पण तेवढ्यात पोरगं म्हणालं, मी उयारक सांगतो. ज्या माणसाने मला भाला धरायला शिकवलं त्याला मी गावासमोर खोटारडा म्हणू का, असं त्याने उलट मलाच विचारलं. म्हणून खाली बसला. त्याची बायको आत होती, ती बाहेर आली नाही. तिने मला कॉफी विचारली नाही आणि ते बरोबरच होतं.

तू लिहिलं होतंस की मला ते तोंडातून काढता येणार नाही. ते तू बरोबर ओळखलंस. तेवढ्यावरच तू विसंबला होतास. रात्रभर मी दुसरी वाक्यं जुळवत होते. माझ्या पुतण्याने चूक केली. लायमनने मला फसवलं. सगळी वाक्यं सोपी होती, पण तेवीस वर्षांत ह्या गावात कोणी माझ्या तोंडून तुझ्यासाठी हे शब्द ऐकले नाहीत, आणि मला ते सभेत परक्यासारखे वापरता येईनात. शिवाय ते खरंही झालं नसतं. ज्याच्या शब्दावर गावाने डेल्बर्टला घरी बसवलं तो लायमन नव्हता.

म्हणून मी काठीवर उभी राहिले आणि म्हणाले की बाबा खोटं बोलले.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. लॉटीने हातांनी तोंड झाकलं. मी फोटो पुढे दिला, तो हातोहात फिरला आणि माझ्याकडे परत आला. कोणी तुझ्याकडे पाहिलं नाही, कोणी तुला काही विचारलं नाही. माझ्या वडिलांना टेकडीवर पुरलं तेव्हाही लोक असेच उभे होते. मला तेव्हा एवढं रडू आलं नव्हतं, कारण तेव्हा माझ्या मनात होतं की नाव कोणाला तरी देता येईल.

डेल्बर्टची होडी पुन्हा पाण्यात जाईल आणि पुढच्या शिकारीला त्याची जागा त्याला मिळेल, असं ठरलं. मला त्याची क्षमा मागायची होती ती मी सगळ्यांसमोर मागितली. तो म्हणाला, बस आता खाली, पाय दुखेल. त्याने क्षमा केली की नाही ते मला कळलेलं नाही आणि विचारायचा मला हक्क नाही. माझी होडी मी त्याच्या हवाली केली आहे. किल्ली तू पायरीवर ठेवून गेलास, ती मिळाली.

तू लिहिलंस की मी तुला विचारलंच नाही, त्यांना विचारलं. हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. त्यात काही खरं आहे. तुझ्या अंगावर ते नाव मी घातलं, तुला विचारून नाही घातलं. पण ते जड होत होतं तर मला सांगायचं होतंस. मी तुझं ऐकलं असतं. तू तसं केलं नाहीस. सोयीचं होतं तेव्हा ते नाव अंगावर ओढून घेतलंस, आणि नंतर मला त्याचीच भीती घातलीस. तुझ्या त्या विनंतीच्या पत्राचं दुःख मला खोट्या पत्रापेक्षा जास्त आहे.

मी तुला टाकलेलं नाही. एवढं विचारलंस म्हणून सांगते. सार केलं की तुझा वाटा वेगळा काढते, कोणीतरी आणून देईल.

आज सकाळी तू टाकीत तेल भरायला माझ्या खिडकीवरून गेलास. तुझ्या डोक्याला टोपी नव्हती आणि बाहेर उणे वीस. मी खिडकी उघडली. तुला हाक मारायला तोंडही उघडलं, आणि तशीच उभी राहिले. तू कोपऱ्यावर वळेपर्यंत मला ठरवता आलं नाही की तुला काय म्हणून हाक मारू.

एडना